तापणारे इंजिन व पाण्याची गळती : ट्रॅक्टरधारकांसाठी माहिती

नांगरट चालू असता ट्रॅक्टरचे इंजिन तापले, की ट्रॅक्टर सावलीस उभा करावयाचा, रेडिएटरमध्ये बादलीभर पाणी ओतावयाचे आणि पुन्हा तास धरावयाचे, ही रीत अनेक शेतांवर रूढ झाली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी लागते, आठवड्याने ते अधिक लागते. परंतु पाणी भरले की ट्रॅक्टर चालतो, म्हणून त्याकडे कोणी विशेष लक्ष देत नाही. अखेरीस ऐन पेरणीत इंजिनाचे हेड वाकते किंवा पिस्टन अडकून बसते, आणि थोड्या खर्चात होणाऱ्या कामासाठी संपूर्ण इंजिन उघडण्याची पाळी येते. वापसा निघून जातो तो वेगळाच.

बंदिस्त रेडिएटर असलेल्या इंजिनातील पाणी वरचेवर कमी होणे स्वाभाविक नव्हे. जे पाणी कमी झाले ते कोठे तरी गेलेले असते. ते कोठे गेले याचा शोध न घेता वरून पाणी भरीत राहणे म्हणजे फुटक्या मोटेने विहीर उपसण्यासारखे आहे. हा शोध घेण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. पुढे दिलेल्या क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक गळती शेतकऱ्यास स्वतःच ओळखता येतात, आणि कोणते काम घरी करावयाचे व कोणते कारागिराकडे न्यावयाचे हेही ठरविता येते.

पाणी इंजिन थंड कसे ठेवते

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची उष्णता काही धुराबरोबर निघून जाते व काही इंजिनाच्या धातूत शिरते. धातूत शिरलेली ही उष्णता सिलिंडर व हेड यांच्या भोवतालच्या पोकळीत खेळणारे पाणी उचलते. पाण्याचा पंप ते पाणी वरच्या रबरी नळीतून रेडिएटरमध्ये ढकलतो. तेथे पंख्याने ओढलेल्या हवेमुळे ते थंड होते आणि खालच्या नळीने इंजिनात परत येते. मार्गात थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन पुरेसे तापल्याशिवाय ती उघडत नाही.

रेडिएटरचे झाकण हे केवळ धूळ पडू नये म्हणून बसविलेले नसते. त्यातील कमानीमुळे आत दाब टिकून राहतो, आणि दाबाखाली असलेले पाणी अधिक उष्णतेस उकळते. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सिअसला, तर महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी सुमारे ९५ अंशांना उकळते. ज्या झाकणावर ०.९ हा दाबाचा आकडा असतो, त्याच्या आतील पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून झाकण बिघडले, किंवा कोठेही फट पडून दाब निघून गेला, की पाणी लवकर उकळू लागते व इंजिन तापते.

काही पॉवर टिलर व जुन्या धर्तीची पंपाची इंजिने उघड्या टाकीतील पाण्याची वाफ होऊनच थंड राहतात. त्यांत रोज पाणी भरावे लागणे हा बिघाड नव्हे. पुढील विवेचन बंदिस्त रेडिएटरच्या इंजिनांस लागू आहे.

लहान गळतीचे मोठे नुकसान

‘थोडेसे ठिबकते, त्याने काय होणार?’ असे पुष्कळदा म्हटले जाते. याचा हिशेब करून पाहावा. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. दर सेकंदास एक थेंब गळत असेल, तर ८ तासांत २८,८०० थेंब, म्हणजे सुमारे १,४०० मिलिलिटर पाणी जाते. दहा-बारा लिटर पाणी मावणाऱ्या यंत्रातून दिवसाकाठी दीड लिटर पाणी जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

वरून पाणी भरल्याने दुसरे नुकसान होते. रेडिएटरमध्ये घातलेले गंजरोधक कूलंट दर वेळी पातळ होत जाते. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातील क्षार आत साठून इंजिनाच्या पोकळीत खवल्यासारखा थर धरतो. हा थर लोखंडाच्या मानाने अनेक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. त्यामुळे पाणी भरपूर असूनही धातू तापलेलाच राहतो. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घालणे कटाक्षाने टाळावे.

इंजिन तापल्यास प्रथम काय करावे

१. उष्णतादर्शक काटा लाल पट्ट्यात गेला, पण पाणी वा वाफ बाहेर येत नसेल, तर अवजार उचलून इंजिनावरील ओझे काढावे व दोन-तीन मिनिटे इंजिन मंद गतीने चालू ठेवावे. काटा खाली न आल्यास इंजिन बंद करावे.

२. वाफेचा लोट येत असेल, नळी फुटली असेल किंवा पंख्याचा पट्टा तुटला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

३. गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाब एकदम सुटताच आतील पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,६०० लिटर जागा व्यापते, हे लक्षात घेतले म्हणजे ते पाणी तोंडावर व छातीवर किती जोराने उसळते याची कल्पना येईल. अशा अपघातात चेहरा व डोळे भाजतात. किमान अर्धा तास थांबावे. वरची नळी हाताने सहज धरता येऊ लागल्यावर झाकणावर जाड गोणपाट टाकून, तोंड बाजूस ठेवून, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. ‘स्स्’ असा आवाज पूर्ण थांबल्यावरच ते काढावे.

४. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, व इंजिनावर बाहेरूनही मारू नये. तापलेला ओतीव धातू एकाएकी आकसून त्यास तडा जाण्याचा संभव असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उष्णतादर्शक काटा पाण्यात बुडालेल्या भागाची उष्णता दाखवितो. पाणी पूर्ण निघून गेले, तर तो भाग कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. इंजिनाची ओढ कमी झाली आहे, जळका वास येत आहे आणि काटा मात्र एकाएकी उतरला आहे, असे दिसल्यास इंजिन थंड झाले असे समजू नये. ते ताबडतोब बंद करावे.

पाणी कमी झाले आहे, की नुसतेच तापले आहे?

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सर्वप्रथम पाण्याची पातळी पाहावी. सर्व तपासणीची दिशा यावरून ठरते.

पाणी पुरेसे असूनही इंजिन तापले असेल, तर गळती शोधत बसण्याचे कारण नाही. रेडिएटरच्या जाळीत भुसकट, पाचट किंवा धूळ बसली आहे काय ते पाहावे; मळणीच्या हंगामात हे कारण फार वेळा आढळते. इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने हवा अथवा बेताच्या जोराचे पाणी मारून जाळी स्वच्छ करावी. फार जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो यंत्राच्या पुस्तिकेत दिल्याइतकाच, बहुधा १० ते १५ मिलिमीटर, दबला पाहिजे. हे दोन्ही ठीक असल्यास थर्मोस्टॅट अडकणे, पंप निकामी होणे किंवा आत क्षारांचा थर बसणे ही कारणे संभवतात.

पाणी कमी असेल, तर ते एकतर बाहेर गळत आहे किंवा इंजिनाच्या आत जात आहे.

बाहेरची गळती शोधण्याची रीत

थंड इंजिनात योग्य पातळीपर्यंत पाणी भरावे. नळ्या, पंप व रेडिएटर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून त्याखाली स्वच्छ पुठ्ठा किंवा जुनी वर्तमानपत्रे पसरावीत व रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी जेथे डाग दिसेल, त्याच्या वरच्या बाजूस शोध घ्यावा. पाणी धातूच्या अंगावरून ओघळत खाली येते. म्हणून ओलीच्या सर्वांत वरच्या टोकाशी गळतीचे मूळ असते. डाग पाण्याचा, डिझेलचा की तेलाचा हे रंगावरून, बुळबुळीतपणावरून व वासावरून ठरवावे. चव घेऊन मुळीच पाहू नये.

रात्री डाग पडला नाही, तर इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावे आणि पंखा व पट्टा यांपासून हात व कपडे दूर ठेवून निरीक्षण करावे. काही गळती आत दाब आल्यावरच दिसतात. तर नळीच्या क्लिपपाशी होणारी काही गळती थंड इंजिनातच दिसते व गरम झाल्यावर थांबते. गरम भागावर पडलेले पाणी वाळून जाते, पण पांढरा, तांबूस किंवा कूलंटच्या रंगाचा ओघळ मागे ठेवते. असा ओघळ म्हणजे गळतीची खूणच होय.

तपासावयाची ठिकाणे पुढीलप्रमाणे आहेत :

रबरी नळ्या व क्लिपा : नळी दाबून पाहावी. ती फुगलेली, चिरलेली, फार मऊ किंवा कडक झालेली असल्यास बदलावी. बहुतेक फटी क्लिपेलगतच पडतात.

रेडिएटर : जाळीतील नळ्या, वरच्या व खालच्या टाकीचे सांधे आणि पाणी सोडण्याची तोटी पाहावी. जाळीवर हिरवट वा पांढरट चट्टे दिसल्यास तेथे बारीक छिद्र असते.

झाकण : त्याचे रबरी वायसर चिरलेले किंवा कमान सैल असल्यास पाणी बाहेर फेकले जाते. इंजिन थंड झाल्यावर वरची नळी चपटी झालेली दिसल्यास झाकणाची आत हवा घेणारी झडप अडकली आहे असे समजावे.

पाण्याचा पंप : पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून पाणी ठिबकू लागले म्हणजे आतील सील झिजले आहे. हे छिद्र लांबी किंवा चिकट मसाल्याने कधीही बुजवू नये. बुजविल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरून पंप जाम होतो.

थर्मोस्टॅटचे घर व इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल चकत्या : गॅस्केट खराब झाल्याने किंवा चकती गंजल्याने येथून पाणी झिरपते.

इतके करूनही ठिकाण सापडले नाही, तर ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात दाब तपासणीचा हातपंप मिळतो. तो झाकणाच्या जागी लावून झाकणावरील आकड्याइतकाच दाब द्यावा. काटा स्थिर राहिला तर गळती नाही. तो उतरत असेल व बाहेर ओल दिसत नसेल, तर पाणी आत जात आहे.

आतील गळतीची लक्षणे

आतील गळती डोळ्यांस दिसत नाही, आणि म्हणूनच ती अधिक घातक असते. तिची चार लक्षणे आहेत.

पहिले, तेल पाहण्याच्या पट्टीवर तेल दुधाळ किंवा ताकासारखे दिसते, अथवा तेल न घालता त्याची पातळी वाढते. दुसरे, इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून दाट पांढरी वाफ येत राहते. तिसरे, थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केले असता रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. नुकतेच पाणी भरले असेल तर अडकलेल्या हवेचे थोडे बुडबुडे येऊन थांबतात. न थांबणारे बुडबुडे मात्र सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत असल्याचे दर्शवितात. चौथे, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो.

तेलात पाणी असल्याचा संशय आल्यास एक सोपी परीक्षा करता येते. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवावा. सकाळी इंजिन सुरू न करता तेलाच्या चेंबरखालचा बोल्ट किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून प्रथम पाण्याचे थेंब आले तर संशय खरा ठरतो. अशा इंजिनास पुन्हा सुरू करू नये. पाणीमिश्रित तेल बेअरिंगना वंगण पुरवू शकत नाही व थोड्याच वेळात ती खराब होतात.

आतील गळतीची कारणे बहुधा हेड गॅस्केट जळणे, हेड वाकणे अथवा त्यास तडा जाणे, किंवा लायनरच्या खालची रबरी कडी निकामी होणे ही असतात. ज्या इंजिनांत पाणी लायनरला प्रत्यक्ष लागून खेळते, त्यांत गंजरोधक नसलेले साधे पाणी वर्षानुवर्षे वापरल्यास लायनरच्या बाहेरील अंगास बारीक खड्डे पडतात व शेवटी ते आरपार जातात.

दुरुस्ती : घरची व कारखान्यातील

नळी, क्लिप, झाकण व पट्टा बदलणे ही कामे शेतकऱ्यास घरी करता येतात. नवे झाकण त्याच दाबाचे घ्यावे. अधिक दाबाचे झाकण बसविल्यास रेडिएटर फुटण्याचा धोका असतो. नवी नळी बसविण्यापूर्वी धातूच्या तोंडावरील गंज घासून काढावा. क्लिप इतकी आवळू नये की रबर कापले जाईल.

तांबे-पितळेच्या रेडिएटरला कुशल कारागीर कथिलाची झाळ देऊ शकतो. अलीकडच्या पुष्कळ रेडिएटरांची जाळी अॅल्युमिनियमची व टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना ही झाळ धरत नाही व बहुधा रेडिएटरच बदलावा लागतो. पंपाचे सील, पत्र्याच्या चकत्या, हेड गॅस्केट व लायनर ही कामे कारखान्यातच करून घ्यावीत. हेड गॅस्केट बदलताना हेडची पातळी सरळपट्टीने तपासली आहे काय, आणि बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने व टॉर्क पान्याने आवळले आहेत काय, याची मालकाने समक्ष खात्री करावी. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसविल्यास ते पुन्हा जळते.

रेडिएटरची गळती थांबविण्यासाठी आत हळद टाकण्याची पद्धत चालकांमध्ये प्रचलित आहे. हळदीचे कण बारीक छिद्रात अडकून गळती काही काळ थांबते, हे खरे. परंतु तेच कण रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसतात व पाण्याचा प्रवाह कमी करतात. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक द्रवांविषयीही हीच सावधगिरी बाळगावी. आडरानातून घर गाठण्यापुरताच असा उपाय क्षम्य आहे. त्यानंतर खरी दुरुस्ती करून आतील भाग स्वच्छ धुऊन घ्यावा. नळीस चीर पडली असल्यास ती कोरडी करून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि रिकामा ट्रॅक्टर सावकाश, वरचेवर थांबून काटा पाहत, घरी आणावा. अशा स्थितीत नांगरट करू नये.

जीप किंवा मोटारगाडीलाही हेच नियम लागू आहेत. मात्र विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो. म्हणून त्याजवळ हात नेऊ नये. वातानुकूलन चालू असता गाडीखाली पडणारे स्वच्छ, वासरहित पाणी ही गळती नव्हे.

पुन्हा पाणी भरताना

दुरुस्तीनंतर साधे पाणी न भरता पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट भरावे. ते घट्ट स्वरूपाचे असल्यास बहुधा निम्मे कूलंट व निम्मे बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी असे प्रमाण असते; तयार मिश्रणात पाणी घालावयाचे नसते. दोन भिन्न प्रकारची कूलंटे एकत्र करू नयेत. भरताना ते सावकाश ओतावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडून वरची नळी गरम झाली की पातळी थोडी उतरते. तेवढी भर घालून लगेच झाकण लावावे. पहिल्या दिवसाच्या कामानंतर, इंजिन थंड झाल्यावर, पातळी पुन्हा पाहावी.

बहुतेक कूलंटमधील ग्लायकॉल हा द्रव विषारी असून चवीस गोड असतो. त्यामुळे जनावरे, कुत्री व लहान मुले त्याकडे आकर्षित होतात. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, हौदात, पाटात किंवा विहिरीलगत ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर खूण करून, ते दुरुस्ती कारखान्यात द्यावे. जनावराने ते प्याल्यास लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बोलवावे. माणसाच्या पोटात गेल्यास त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

हंगामापूर्वीची तपासणी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी गावातील ट्रॅक्टरधारकांस एकत्र बोलावून एका ट्रॅक्टरवर पुठ्ठ्याची व तेलाच्या चेंबरची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने एक लहानशी वही ठेवून रोज सकाळी, इंजिन थंड असता, पाण्याची पातळी पाहावी आणि भर घातल्यास तारीख व माप नोंदवावे. दोन नोंदी लागोपाठ झाल्या, की तिसऱ्या दिवशी नुसते पाणी न भरता गळतीचा शोध घ्यावा. एक क्लिप आवळण्यास लागणारी दहा मिनिटे उन्हाळ्यात सहज मिळतात. पेरणीच्या दिवसांत इंजिन उघडून बसण्यास लागणारे दिवस कोणाकडेच नसतात.